विचारा, सांगतो : एकशे ऐंशीवर ठेवलं, तरी वाफ का नाही?

गेल्या अंकात सांधेदुखीच्या एका पत्राला उत्तर देताना मी जाता जाता लिहून गेलो होतो, की डॉक्टरांनी कॅनबिस सुचवलंच असेल तर त्याचा धूर करू नका, वाफेवर घ्या (म्हणजे व्हेपोरायझर नावाच्या यंत्रात न जाळता नुसतं तापवून), आणि यंत्राच्या पडद्यावरच्या आकड्यावर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. तेवढ्यावर संपादकांकडे पत्रांचा ढीग लागला. काहींनी मला शिव्या दिल्या आहेत (मराठी मासिकात गांजा! वगैरे), त्या मी पोचल्या असं कळवतो. बाकीच्यांचे प्रश्न मात्र अगदी कामाचे आहेत, म्हणून या वेळचं सदर त्यांनाच देऊन टाकतो.

शिव्या देणाऱ्यांना एवढंच सांगतो, की कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून प्रौढ माणसाला हे उघडपणे विकत घेता येतं. ओंटारिओत वय १९ पूर्ण लागतं. औषध म्हणून तर ते त्याच्या कितीतरी आधीपासून मिळतंय. मंडळाच्या हळदीकुंकवाला गुडघ्यावर हात टेकून उठणाऱ्या किती जणींच्या पर्समध्ये ती छोटी काचेची नळी आहे, ते त्यांच्या डॉक्टरांना विचारा.

आणि माझा अधिकार काय, असंही एकाने विचारलंय. रास्त प्रश्न आहे. मी डॉक्टर नाही. हॅमिल्टनला एका हीट ट्रीटमेंट शॉपमध्ये, म्हणजे धातूचे भाग तापवून कडक करणाऱ्या कारखान्यात, निवृत्त होईपर्यंत भट्ट्या सांभाळल्या. तापमान मोजणं हे एकच काम मला धड येतं. मणक्याच्या दुखण्यासाठी डॉक्टरांच्या सांगण्यावरून संध्याकाळी मी स्वतःही वाफ घेतो. तुम्ही घ्यावं की नाही ते तुमचे डॉक्टर ठरवतील. घेतलंत तर यंत्राच्या आत काय चालतं, ते मी सांगतो.

माझं वय ६८. पायांच्या नसांच्या दुखण्यावर डॉक्टरांनी कॅनबिसची सुकी फुलं सुचवली. मुलाने काचेच्या नळीचा व्हेपोरायझर आणून दिला. १८० वर ठेवते, तयार झाल्याची खूण आली की ओढते, पण तोंडातून वाफ म्हणून दिसत नाही. मुलगा म्हणतो, सरळ २१० वर ठेव. यंत्र बिघडलंय का?
— सौ. वि. जो., मिसिसागा

ताई, यंत्र ठणठणीत आहे. मुलाचं मात्र एवढ्यात ऐकू नका.

तो १८० अंश सेल्सिअसचा आकडा तापकाजवळ, म्हणजे आतल्या हीटरजवळ, बसवलेल्या सेन्सरचा आहे, फुलांचा नाही. आमच्या भट्टीवर नवीन पोरगा आला की पहिल्याच आठवड्यात त्याला हे कळायचं. डायलवर ८४० दिसलं म्हणून जॉबच्या, म्हणजे भट्टीत ठेवलेल्या तुकड्याच्या, पोटात ८४० झालेलं नसतं. तिथवर उष्णता झिरपायला वेळ द्यावा लागतो. तुमच्या यंत्रात फुलांना उष्णता दोन वाटांनी मिळते. काच तापते आणि तिला टेकलेल्या चुऱ्याला चटका देते, हे शाळेतलं वहन. आणि तुम्ही ओढता तेव्हा हवा तापकावरून गरम होऊन चुऱ्याच्या मधून जाते, हे अभिसरण. यात मोठा वाटा दुसऱ्याचा. म्हणजे तुम्ही ओढत नाही तोवर आतली फुलं पडद्यावरच्या आकड्याच्या बरीच मागे असतात. आणि तुम्ही सरबत प्यायल्यासारखं जोरात ओढलंत, तर एवढी हवा तापवायला त्या चिमुकल्या तापकाला उसंतच मिळत नाही.

हे ऐकीव सांगत नाही. जुन्या सवयीने मी तापमान मोजणारी, केसाएवढी बारीक के-टाइप थर्मोकपलची तार नळीतून चुऱ्यापर्यंत नेऊन बसवली आणि मीटर शेजारी ठेवला. पडद्यावरचा आकडा जागचा हलत नव्हता. मीटरचं तसं नव्हतं. नुसतं ठेवल्यावर तो खाली रेंगाळायचा. संथ ओढायला लागलं की हळूहळू वर सरकत पडद्याच्या आकड्याजवळ यायचा. जोराचा झुरका मारला की गडगडत खाली. तापमानाचं खरं बटण ओढणाऱ्याच्या गालात आहे, हे त्या दिवशी बायकोलाही पटलं, आणि तिला माझं काही पटणं दुर्मिळ.

तेव्हा असं करून बघा. फुलं ग्राइंडरमध्ये जाडसर दळा, दोन-तीन वळसे पुरेत. पीठ झालं तर हवेला वाट राहत नाही आणि जाळीतून बारीक कण तोंडात येतात. नळीच्या कपात चुरा भुरभुरता भरा, बोटाने दाबून ठासू नका. काठापर्यंत भरायचीही गरज नाही. पण तळाला चार कण टाकले तर हवा त्यांना चुकवून निसटते, म्हणून जाळी झाकेल एवढा थर हवाच. तयार झाल्याची खूण आली की लगेच तोंडाला लावू नका. अर्धा-पाऊण मिनिट जाऊ द्या, काच तापू दे. मग इतकं हळू ओढा की शेजारी बसलेल्याला आवाज येऊ नये. मनात दहा अंक मोजेपर्यंत एकच लांब झुरका. छातीत धरून ठेवू नका. श्वास रोखल्याने फायदा होतो ही समजूत धूर ओढणाऱ्यांची आहे, आणि ती त्यांच्याही कामाची नाही.

पहिल्या एक-दोन झुरक्यांत बहुधा काहीच दिसणार नाही. जिभेवर चव मात्र येईल, लिंबासारखी, पाइनसारखी, जसं फूल असेल तशी. चव आली म्हणजे काम चालू आहे. १७५-१८० ला वाफ विरळच असते, ढग दिसायला लागतो तो १९० च्या पुढे. दिसण्यावरून मात्रा मोजू नका. चव फिकी झाली की नळी काढून टाचणीच्या मागच्या टोकाने चुरा हलवा, कडेचा मध्ये आणि मधला कडेला, आणि मग पाच-पाच अंशांनी वर चढा. १९५ पर्यंत गेलात तरी तुमचं काम होईल. २०० च्या वर घशाला खवखव होते आणि गुंगी जड येते. २१० च्या पुढे मी कुणालाच पाठवत नाही. २३० च्या आसपास फुलं करपायला आणि पेटायला लागतात, आणि मग तो धूरच झाला.

शेवटी चोथा पांढऱ्या बशीत काढून खिडकीशी नेऊन बघा. सगळा एकसारखा तपकिरी झालेला असेल तर तुमचा हात बसला. मध्ये हिरवट आणि कडेला गडद असेल तर हलवायचं राहिलं, किंवा ओढ घाईची होती. काळा असेल, राख असेल, तर आकडा जास्त. लाह्या भाजल्यासारखा वास यायला लागला की माल संपला, त्यातून आणखी काही पिळायला जाऊ नका.

आपल्याकडच्या थंडीची एक गंमत असते. जानेवारीत घरातला हीटर अहोरात्र चालतो आणि डबीतली फुलं बोटांत धरली की चुरगळून धूळ होते. इतकी कोरडी फुलं त्याच आकड्याला जास्त तिखट लागतात. डबीत ओलावा राखणारी ६२ टक्क्यांची छोटी पुडी टाकून ठेवा. उलट फूल दमट असेल तर पहिले दोन झुरके नुसत्या पाण्याच्या वाफेचे असतात आणि माणूस उगाच आकडा वाढवत बसतो.

आणि ताई, हे बसून घ्या. घेतल्यावर चटकन उठू नका. उभं राहताना रक्तदाब खाली येतो आणि आपल्या वयात पडणं परवडत नाही. रक्त पातळ करणारी वॉर्फरिनची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, दोघांचं एकमेकांशी जमत नाही.

मित्राच्या घरी पहिल्यांदाच वाफेवर घेतलं. धूर नाही, खोकला नाही, म्हणून वाटलं काही होतच नाहीये. सलग चार-पाच झुरके मारले. थोड्या वेळाने छातीत धडधड, हातपाय गार. बायको ९११ लावायला निघाली होती. एवढ्याशा चुऱ्याने?
— नि. दे., ब्रॅम्प्टन

एवढ्याशाच. डबीवरचं लेबल वाचलंत का? त्यावर 'टीएचसी' (म्हणजे गुंगी आणणारा घटक) आणि 'टोटल टीएचसी' असे दोन आकडे दिसू शकतात. पहिला अगदी किरकोळ दिसतो, कारण सुक्या फुलातला बहुतेक ऐवज टीएचसीए या आम्लाच्या रूपात असतो. तापवलं की त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि मागे टीएचसी उरतं. चुलीवर, भट्टीवर, व्हेपोरायझरमध्ये, सगळीकडे हेच. म्हणून बघायचा आकडा टोटलचा.

समजा तिथे ग्रॅमला २०० मिलिग्रॅम लिहिलंय, म्हणजेच २० टक्के. तुम्ही चेंबरमध्ये दशांश ग्रॅम भरलंत, म्हणजे बोटांची एक चिमूट. त्यात झालं २० मिलिग्रॅम टीएचसी. आता दुकानात जी गमीची, म्हणजे कॅनबिस घातलेल्या चघळायच्या गोळ्यांची, पाकिटं मिळतात त्यांच्यात एका पाकिटाला १० मिलिग्रॅमच्या वर टीएचसी घालायला कॅनडात कायद्याने बंदी आहे. तुमच्या त्या चिमटीत दोन पाकिटांचा माल होता. सगळा काही छातीत जात नाही, थोडा चोथ्यात राहतो, थोडा उच्छ्वासात परत जातो. पण निम्मा गेला तरी नवख्याला पुष्कळ झाला.

धुराची सवय असलेले लोक इथेच फसतात. खोकला आला की ते थांबतात, वाफेने खोकला कमीच येतो. २०१८ साली जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी क्वचित घेणाऱ्या १७ जणांवर प्रयोग केला. तेवढंच, २५ मिलिग्रॅम टीएचसी धुरातून आणि वाफेतून देऊन बघितलं. वाफेने गुंगीही जास्त आली आणि चुकाही जास्त झाल्या. तुम्ही वाफेला हलकं समजू नका.

पुढच्या वेळी (पुढची वेळ असलीच तर) टोटल टीएचसी ग्रॅमला १०० मिलिग्रॅमच्या खालचं, सीबीडी (हा गुंगी न आणणारा घटक) बरोबरीने असलेलं फूल घ्या. १७५ वर एक झुरका, आणि घड्याळ बघून अर्धा तास काहीही नाही. वाफेचा अंमल मिनिटांत सुरू होतो, पण पूर्ण चढायला अर्ध्या तासापर्यंत लागू शकतो आणि उतरायला सहा तासही लागतात. त्या संध्याकाळी गाडीची किल्ली बायकोकडे. आणि घरात कुणाला, म्हणजे आई, वडील, भाऊ, कुणालाही भ्रम होण्याचा मानसिक आजार झाला असेल, तर माझा सल्ला एका शब्दाचा आहे, नको.

फुलातला कोणता घटक किती अंशांना निघतो, त्याचा एक तक्ता माझ्या फ्रिजवर लावलाय. टीएचसी १५७, कॅरिओफिलीन ११९, मायर्सीन १६७, लिमोनीन १७६, लिनालूल १९८. मी खालून एकेक पायरी चढतो, म्हणजे प्रत्येक घटक वेगळा घेता येईल. पण ११९ ला काहीच येत नाही आणि १५७ ला जेमतेम. तक्त्यात चूक की माझ्यात?
— अ. कु., वॉटर्लू

तक्त्यात. आणि चूक इतकी सुंदर आहे की तिच्यावर थोडा वेळ घालवतो.

हे आकडे उत्कलनबिंदूचे आहेत, म्हणजे पदार्थ कोणत्या तापमानाला उकळतो त्याचे. पण उकळणं हवेच्या दाबावर ठरतं, हे तुम्ही नववीत शिकला असाल. मायर्सीन, लिमोनीन, लिनालूल यांचे आकडे आपल्या नेहमीच्या हवेतले आहेत, ७६० मिलिमीटर पाऱ्याच्या दाबाचे. टीएचसीचा १५७ मात्र प्रयोगशाळेतल्या निर्वात नळीतला आहे, तिथे दाब होता मिलिमीटरचा विसावा हिस्सा, ०.०५. १९६० च्या दशकात रसायनशास्त्रज्ञांनी टीएचसी शुद्ध करताना ते मोजलं होतं. कुणीतरी आकडा उचलला, दाब तिथेच सोडला, आणि तो तुमच्या फ्रिजवर येऊन बसला. कॅरिओफिलीनचं तेच. ११९ हा कमी दाबाचा आकडा, साध्या हवेत ते अडीचशेच्याही पुढे उकळतं. दोन वेगळ्या मापांच्या गोष्टी एकाच रांगेत उभ्या केल्या की तक्ता दिसायला छान होतो.

मग १५७ ला जेमतेम का होईना, येतं कसं? कारण उडून जायला उकळावं लागत नाही. कापूर २०० अंशांच्या पुढे उकळतो, पण देवघरात उघडा ठेवलेला कापूर पावसाळा संपायच्या आत अर्धा होतो. तो तर या लिमोनीन-लिनालूलच्याच गोतावळ्यातला. फुलातला प्रत्येक घटक उकळण्याच्या कितीतरी आधीपासून थोडाथोडा निसटत असतो. जितकं गरम तितकं भराभर, आणि जितकी हवा वरून वाहील तितकंही. म्हणून एका अंशाला एक घटक बाहेर येतो आणि दुसऱ्या अंशाला दुसरा, असं होत नाही. सगळे एकदमच निघतात, हलके पुढे आणि जड मागे. खालच्या तापमानाला चव जास्त, वरच्याला गुंगी जास्त, एवढाच त्यातला खरा भाग. तो तुम्ही १७५, १८५ आणि १९५ अशा तीन थांब्यांवर पुरता बघू शकता. ११९ ची पायरी सोडून द्या. तिथे फुलं नुसती वाळतात.

काका, मी विद्यार्थी आहे. बॅटरीवाला परवडत नाही म्हणून तो धातूचा घेतला, ज्याच्या टोपीला लायटरने तापवतात आणि टोपी 'टक' करते. माझं दर वेळी जळतं. राखच. मित्र म्हणतो टक झाल्यावर आणखी पाच सेकंद धरायचं. बरोबर का?
— रो., किचनर

अरे, मित्र बदल.

त्या टोपीत दोन धातूंची चकती आहे. दोघांचं प्रसरण वेगळं, म्हणून ठरलेल्या तापमानाला ती एकदम पलटी खाते, तोच तो टक. यात सेन्सर, पडदा काही नाही, आणि मला विचारशील तर हे यंत्र मला फार आवडतं. चकती टोपीच्या टोकाशी आहे. ज्योत टोकाशी धरलीस तर चकती लवकर तापते, टक लवकर होतो, आणि फुलं कमी भाजतात. ज्योत टोपीच्या खालच्या काठाकडे नेलीस की चकतीला बातमी उशिरा पोचते आणि तोवर चेंबर बराच तापलेला असतो. म्हणजे तुझं तापमानाचं बटण म्हणजे ज्योतीची जागा. टोकापासून सुरुवात कर, बोटांत नळी सतत फिरवत राहा, आणि टक ऐकला की ज्योत बाजूला. पाच सेकंद म्हणजे राखच. टोकाशी तापवून चव बरी आली की मग एक केसभर खाली सरक.

ज्योत एकाच बारीक तोंडाची घे, तिहेरी नको. ती इतकी झपाट्याने तापवते की टक येतो तोवर एका बाजूचं जळून गेलेलं असतं. टक झाल्यावर संथ ओढ. थंड होताना टोपी पुन्हा टक करते. तो दुसरा टक ऐकल्याशिवाय परत तापवायचं नाही, तुझ्या राखेचं दुसरं कारण मला तेच दिसतंय. आणि वसतिगृहात राहत असशील तर उघडी ज्योत तिथे चालते का ते आधी विचार, नाहीतर फायर अलार्म तुला उत्तर देईल.

यजमान म्हणतात धूर काय नि वाफ काय, फुप्फुसाला दोन्ही सारखंच. खरं काय?
— एक गृहिणी, ओकव्हिल

सारखं नाही, आणि निर्धोकही नाही. २००७ साली सान फ्रान्सिस्कोत १८ जणांवर एक छोटा अभ्यास झाला. त्यात जर्मनीतल्या टुटलिंगेनला बनणारा व्होल्केनो नावाचा टेबलावरचा व्हेपोरायझर १९० अंशांवर ठेवला होता, तोच जो फुगा भरून देतो. रक्तात पोचलेलं टीएचसी जवळपास धुराइतकंच होतं, पण उच्छ्वासातला कार्बन मोनॉक्साइड फारच कमी. जळणच नाही, तर जळण्याची घाण येणार कुठून? पण वर्षानुवर्षं वाफ घेतल्याने फुप्फुसाचं काय होतं, ते या अभ्यासाने सांगितलेलं नाही. दमा असेल, पोटात बाळ असेल, हृदयाचं दुखणं असेल, तर यजमानांचंच ऐका आणि दोन्ही टाळा.

कॅनबिस नकोच, पण यंत्र घरात पडून आहे. त्यात तुळस, ओवा, निलगिरी घालून सर्दीवर वाफ घेता येईल का? किती अंशांवर?
— श्री. म. प., मार्कम

व्होल्केनोच्या माहितीपत्रकात कॅनबिसखेरीज काही वनस्पतींचे आकडे दिलेले असतात. निलगिरीची पानं १३०, लव्हेंडर १३०, लेमन बाम १४२, कॅमोमाइल १९०, थाइम १९०. इथेही बघा, पानांतलं तेल जितकं उडतं तितकं तापमान कमी. निलगिरी १९० ला ठेवलीत तर डोळ्यांतून पाणी येईल. घ्यायचीच तर अन्न म्हणून विकली जाणारी सुकी पानं घ्या, बागेच्या दुकानातली नकोत. त्यांच्यावर फवारणी झालेली असते.

तुळस आणि ओवा त्या यादीत नाहीत, म्हणून मी आकडा देणार नाही. खाऊन पचतं म्हणून फुप्फुसाला चालतं, असं नसतं. ओव्याचं बी तर चेंबरमध्ये नीट तापतही नाही, वरचं साल करपतं आणि आत कच्चं. ओवा तव्यावर गरम करा, फडक्यात पुरचुंडी बांधा आणि हुंगा. साडेतीनशे डॉलरच्या यंत्रापेक्षा त्या फडक्याचा सर्दीवर जास्त हात आहे, हे माझं वैयक्तिक मत. आणि कुठल्याही यंत्रात सुगंधी तेलाचे थेंब टाकू नका. सुक्या पाल्याचं यंत्र पाल्यासाठीच असतं, तेल गळून तापकावर जातं.

डिसेंबरात पुण्याला चाललोय. डॉक्टरांचं पत्र आहे. व्हेपोरायझर आणि थोडी फुलं बॅगेत चालतील ना?
— सु. गो., स्कारबरो

नाही. पत्र असो, नसो, थोडी असोत, जास्त असोत. कॅनबिस घेऊन कॅनडाची सीमा ओलांडणं हा कॅनडातच गुन्हा आहे, जातानाही आणि येतानाही. तिकडे उतरलात की १९८५ चा एनडीपीएस कायदा. त्यात गांजा म्हणजे नेमकी हीच फुलं. भांगेची पानं त्या व्याख्येत येत नाहीत म्हणून उज्जैन-काशीला दुकानं दिसतात, त्यावरून हिशेब करू नका. रिकामं यंत्रही घरीच ठेवा. भारतात २०१९ साली ई-सिगारेटबंदीचा कायदा आला, त्यात न जाळता तापवणाऱ्या उपकरणांचंही नाव आहे. शिवाय तुमच्या नळीच्या जाळीवर जो चिकट थर आहे तो कस्टम्सच्या कुत्र्याला सुटकेसबाहेरूनही कळतो. निघायच्या बऱ्याच आधी डॉक्टरांना भेटा आणि तिथल्या मुक्कामासाठी दुसरं औषध काय ते ठरवून घ्या.

तेच फूल, तोच आकडा, पण महिन्याभरात चव गेली आणि ओढायला जोर लागतो. काय करू?
— प. शि., हॅमिल्टन

आमच्याच गावचे, म्हणून शेवटी पण सविस्तर. जाळी तुंबली आहे. वाफ थंड पडते तिथे तिचा चिकट राळेसारखा थर बसतो, काचेच्या नळीत, जाळीवर, तोंडाच्या टोकाशी. वाट अरुंद झाली की तुम्ही नकळत जोर लावता. हवा उरलेल्या एका भोकातून जाते, तिथलाच चुरा भाजतो आणि बाकीचा हिरवा राहतो. तुम्ही आकडा वाढवता, थर आणखी बसतो.

यंत्र बंद, पूर्ण थंड. काचेची नळी आणि जाळी औषधांच्या दुकानातल्या ९९ टक्के आयसोप्रॉपिल अल्कोहोलमध्ये अर्धा तास बुडवून ठेवा, झाकणाच्या बरणीत, खिडकी उघडून, गॅस बंद करून. रंग चहासारखा होईल. मग गरम पाण्याने धुवा आणि रात्रभर सुकू द्या. अल्कोहोलचा वास राहिलेली नळी गरम यंत्राला लावायची नाही. प्लास्टिकचे भाग आणि रबरी कडी त्यात घालू नका, त्यांना साबणाचं पाणी. तापकाच्या खोबणीत तर काहीच ओतायचं नाही. तिथे कोरडा मऊ ब्रश फिरवा आणि यंत्र उलटं करून हलकं झटका. नंतर एकदा रिकामं यंत्र सगळ्यात वरच्या आकड्यावर पाच मिनिटं चालू ठेवा. धुतल्यानंतरच्या पहिल्या झुरक्याला ओढ मुद्दाम संथ ठेवा, कारण हवा आता मोकळी जाणार आहे आणि तुमच्या गालांना मात्र जुन्याच जोराची सवय आहे. जाळी धुऊनही काळी राहिली तर नवी घाला. पाच-सहा डॉलरला पाकीट येतं. माप यंत्राच्या पुस्तिकेत बघून घ्या, नजरेने घेतलेली जाळी नळीत फिरत बसते.